बंद पडलेल्या ऑक्सिमीटरमधल्या फोटोडायोडने प्लांटेड टँकचा उजेड मोजता येईल का?

तळ्याकाठी

मंडळी, कोविडच्या काळात घेतलेलं बोटाचं पल्स ऑक्सिमीटर बंद पडलं आहे. उघडलं तर खालच्या जबड्यात पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा आहे आणि त्यात पावणेतीन मिलिमीटर बाजूची काळी चिप दिसते. वरच्या जबड्यात बरोबर समोर एलईडी आहे. ही चिप वापरून माझ्या प्लांटेड टँकच्या, म्हणजे पाणवनस्पती लावलेल्या ॲक्वेरियमच्या, तळाशी किती उजेड पोचतो ते मोजायचं आहे.

टँक ६० × ३० × ३६ सेंमी, वर ६५०० केल्विनची पांढरी एलईडी पट्टी, रोज आठ तास. झाकणाला काच. पुढे क्रिप्टोकोरीन, मागे रोटाला. रोटालाची खालची पानं गळतात आणि समोरच्या काचेवर वरच्या भागात हिरवे कडक ठिपके येतात. एक लक्षण उजेड कमी असल्याचं वाटतं, दुसरं जास्त असल्याचं. फोनवरचं लक्स ॲप फोन जरा कलला की दुसराच आकडा दाखवतं.

हाताशी आहे ते असं: २०० मिलिव्होल्ट रेंज असलेला साधा डिजिटल मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान आणि चार दिवसांसाठी मिळू शकेल असा एक लक्समीटर.

विचारायचं आहे ते हे: सेन्सर कामाचा आहे का हे कसं ओळखायचं? ऑप-ॲम्प, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप, लागेलच का? आकडा पारमध्ये (पीएआर, वनस्पतीला वापरता येणारा उजेड), म्हणजे चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन, असा कसा आणायचा? आणि पाण्यात बुडवायचा कसा?

जुनासोल्डर

सेन्सर चांगला मिळाला आहे. ऑक्सिमीटरला ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा इन्फ्रारेड असे दोन्ही प्रकाश दिसावे लागतात, म्हणून त्यात सिलिकॉनचा फोटोडायोड असतो, म्हणजे उजेड पडला की करंट देणारी चिप. टीव्हीच्या रिमोट रिसीव्हरमधले काळ्या प्लास्टिकचे डायोड या कामाला चालत नाहीत. तो काळा रंग दिसणारा प्रकाश अडवतो आणि फक्त इन्फ्रारेड आत सोडतो. रस्त्यावरच्या दिव्याच्या स्विचमधला एलडीआर, म्हणजे उजेडाने बदलणारा रेझिस्टर, तोही नको. तो एका सरळ रेषेत वाढत नाही आणि आधी अंधारात होता की उजेडात यावर त्याचं वाचन बदलतं.

फोटोडायोड इथे का शोभतो ते लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. लक्समीटर माणसाच्या डोळ्यासारखा पाहतो: हिरव्याला जास्त भाव, निळ्या-लालला कमी. वनस्पतीचा हिशेब फोटॉनच्या संख्येवर चालतो, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला कुठलाही फोटॉन म्हणजे एक. सिलिकॉनही मुळात फोटॉनच मोजतो. एक फोटॉन शोषला गेला की जास्तीत जास्त एक इलेक्ट्रॉन. निळ्यात तो थोडा कमी पडतो आणि ७०० च्या पुढे, थेट ११०० पर्यंत, नको तेही मोजतो. या दोन खोडी सांभाळल्या की झालं.

आधी ओळख पटवा. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून उजेडात डायोडच्या दोन टोकांवर लावा, ०.३ ते ०.४ व्होल्ट आला पाहिजे. समोरचा लाल एलईडीसुद्धा उजेडात व्होल्टेज देतो, तेही जास्त, पण त्याच्यातून करंट नगण्य निघतो. म्हणून दोन टोकांमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा पाहा. फोटोडायोड असेल तर टँकच्या पट्टीखाली काही मिलिव्होल्ट टिकून राहतात. एलईडी असेल तर वाचन शून्यावर येतं.

मग रंग तपासा. काही ऑक्सिमीटरमध्ये डायोडसमोर लाल फिल्टर असू शकतो. अंधाऱ्या खोलीत फोनचा पडदा पूर्ण ब्राइटनेसवर ठेवा, आधी पूर्ण लाल चित्र, मग हिरवं, मग निळं, आणि डायोड पडद्याला टेकवून तिन्ही वाचनं लिहून घ्या. तीन्हींत एक-दोन मिलिव्होल्ट तरी यायला हवेत. लालवर वाचन आणि निळ्यावर ०.०, असं झालं तर तो डायोड या कामाचा नाही.

काढताना डायोड पीसीबीवरून, म्हणजे सर्किटच्या पाटीवरून, सोडवू नका. पारदर्शक पॅकेज गरम झालं की आतून धुरकट होतं, आणि ते परत निवळत नाही. त्याच्याभोवती पीसीबीच कापा, बाकीच्या भागांकडे जाणारे ट्रॅक कटरने तोडा आणि उरलेल्या तांब्यावर वायर लावा. सोल्डरचा टाका तीन सेकंदांत झाला पाहिजे.

ऑप-ॲम्प लागत नाही. सर्किट एवढंच: डायोडच्या समांतर १ किलोओहम, एक टक्का टॉलरन्सचा रेझिस्टर, त्याच्या समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि दोन टोकांवर मल्टिमीटर. उजेडात ज्या टोकावर धन येतं तिकडे कपॅसिटरचा धन. कपॅसिटर हवाच, कारण डिमर एलईडीला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करत असतो आणि त्याच्याशिवाय मीटरचे शेवटचे आकडे नाचतात. १ किलोओहमवर १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोॲम्पिअर, हिशेब तोंडी होतो.

एक नियम मात्र पाळाच: रेझिस्टरवर १०० मिलिव्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. डायोडचं स्वतःचं व्होल्टेज ०.३-०.४ व्होल्टच्या आसपास असतं. रेझिस्टरवरचं व्होल्टेज त्याच्या जवळ गेलं की करंट डायोडच्या आतच परत फिरतो आणि वाचन दबतं. टँकमध्ये १ किलोओहम पुरेल. उन्हात न्यायचं झालं तर १०० ओहम लावा.

मल्टिमीटरचा नऊ व्होल्टचा सेलही नवा घाला. सेल उतरला की स्वस्तातले मीटर जास्त आकडा दाखवतात.

ओहोळ

सर्किट जुनासोल्डर यांनी सांगितलं तेच ठेवा. मी सेन्सरच्या डोक्याबद्दल, म्हणजे डायोड ज्या छोट्या नळीत बसतो तिच्याबद्दल आणि तिच्या तोंडावरच्या चकतीबद्दल, लिहितो, कारण घरगुती पारमीटर तिथेच फसतात.

उघडा डायोड समोरून येणारा उजेड पाहतो, तिरका कमी पाहतो. टँकमध्ये तर बराचसा उजेड तिरकाच येतो, बाजूच्या काचांवर आतून परावर्तित होऊन. म्हणून वर दुधी डिफ्युझर हवा. साइनबोर्डवाल्याकडे दुधी ॲक्रिलिकचे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. २ ते ३ मिलिमीटर जाडीची, १२ मिलिमीटर व्यासाची चकती कापून घ्या. पिवळसर छटा असलेला तुकडा घेऊ नका, तो निळा खातो.

चकती नळीच्या तोंडात खोल बसवू नका. ती कडेपासून दीड-दोन मिलिमीटर वर उचललेली हवी, म्हणजे अगदी तिरका उजेड तिच्या उभ्या कडेतून आत शिरतो. सपाट बसवली तर ६० अंशांवर वाचन बरंच कमी येतं. डायोड आणि चकतीत ३-४ मिलिमीटर हवेची फट ठेवा.

जमलं की नाही ते असं पाहा. अंधाऱ्या खोलीत ५० वॉटचा एलईडी फ्लडलाइट दीड मीटरवर ठेवा. त्या अंतरावर उजेड कमी पडतो, म्हणून या चाचणीपुरता लोड, म्हणजे डायोडच्या समांतर लावलेला रेझिस्टर, १० किलोओहम करा. डोकं सरळ दिव्याकडे असताना २०.० मिलिव्होल्ट येत असतील, तर ३० अंश कलवल्यावर १७.३, ४५ वर १४.१ आणि ६० वर १०.० यायला हवेत. ६० ला ७ च आले तर चकती आणखी अर्धा मिलिमीटर वर काढा. ११-१२ आले तर थोडी आत ढकला. या एका चाचणीवर एक संध्याकाळ खर्च झाली तरी वाया जात नाही.

मागची बाजू पूर्ण काळी हवी. पारदर्शक पॅकेजला बाजूने आणि मागूनही उजेड लागतो, आणि खाली पांढरी वाळू असेल तर तोही मोजला जातो. पीसीबीच्या मागे व कडांना एम-सीलचा थर द्या, त्यावर काळी हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी.

आता पाणी. ॲक्वेरियमच्या काचा चिकटवायचं सिलिकॉन सीलंट (चिपमधलं सिलिकॉन वेगळं) थेट टाक्यावर लावू नका. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि उघडं तांबं हिरवं पडतं. आधी टाके इपॉक्सीत पूर्ण बुडवा, ते एक दिवस वाळू द्या, मग बाहेरून सिलिकॉन. इपॉक्सी चिपच्या समोर येऊ देऊ नका. काळानुसार ते पिवळं पडतं आणि कॅलिब्रेशन नकळत सरकत जातं.

वायर माइकची शील्डवाली घ्या, दोन मीटर. वायरला कुठे चीर असली तर पाणी तिच्या आवरणातून वर चढतं आणि मीटरच्या टोकाशी बाहेर येतं, म्हणून टँकच्या बाहेर वायरला खाली झोल द्या.

गळती ओळखायची सोपी खूण आहे. डोकं पाण्यात ठेवून वर काळं जाड कापड टाका, वाचन ०.० हवं. ओल्या टाक्यावर दोन धातू आणि पाणी मिळून छोटा सेल तयार होतो आणि अंधारातही एक-दोन मिलिव्होल्ट दाखवतो. दर वेळी मोजण्याआधी हे पाहायचं.

जुनासोल्डर

कॅलिब्रेशनचं राहिलं होतं. लक्समीटर मिळणार आहे तर तोच मार्ग धरा.

पांढऱ्या ६५०० केल्विन एलईडीसाठी लक्सला ०.०१४५ ने गुणलं की मायक्रोमोल मिळतात. सूर्यप्रकाशासाठी तोच गुणक ०.०१८५, कूल व्हाइट ट्यूबसाठी ०.०१३५. दिवा बदलला की गुणक बदलतो. म्हणून ज्या पट्टीखाली मोजणार त्याच पट्टीखाली कॅलिब्रेट करा, कोरड्यात. लक्समीटरची पांढरी घुमटी आणि तुमची चकती एकाच जागी, एकाच उंचीवर, आलटून पालटून ठेवायची. १० सेंमीपासून ४० सेंमीपर्यंत पाच उंचींवर जोड्या घ्या आणि ग्राफपेपरवर मांडा. रेष सरळ शून्यातून गेली पाहिजे. वर जाऊन वाकत असेल तर लोड जास्त आहे. शून्याच्या वर सुरू होत असेल तर खोलीतला दुसरा उजेड मिसळतोय.

या पद्धतीत इन्फ्रारेडचा प्रश्नच येत नाही, कारण पांढऱ्या एलईडीतून ७५० नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ काही निघत नाही. एकंदर चूक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत राहते, आणि झाडांच्या निर्णयाला तेवढं पुरतं.

पाण्यात गेल्यावर आणखी एक गुणक लागतो. चकतीत शिरलेला काही उजेड परत बाहेर सटकतो. ॲक्रिलिक आणि पाणी यांचे अपवर्तनांक जवळजवळ असल्यामुळे पाण्यात तो जास्त सटकतो, आणि त्याच उजेडाला ओलं वाचन कमी येतं. ॲपोजी कंपनीच्या जुन्या पारमीटरसाठी हा गुणक १.०८ आहे आणि त्यांच्याच एमक्यू ५०० मॉडेलसाठी १.३२. एकाच कंपनीच्या दोन डोक्यांत एवढा फरक पडतो, तेव्हा कुणाचा आकडा उसना घेऊ नका.

मोजायचा असा: बादलीला आतून काळं कापड किंवा काळा कागद, डोकं तळाशी वर तोंड करून, फ्लडलाइट डोक्यापासून बरोबर १५० सेंमी वर, लोड १० किलोओहम. कोरडं वाचन घ्या. काही न हलवता चकतीच्या वर ५ सेंमी येईल इतकं पाणी ओता, चकतीवरचे बुडबुडे बोटाने पुसा, पुन्हा वाचा. पाण्याच्या पृष्ठभागावर दोन टक्के उजेड परत फिरतो. दुसरीकडे, अपवर्तनामुळे दिवा पावणेदोन टक्के उजळ दिसतो, कारण १५० सेंमी अंतर प्रकाशाच्या हिशेबाने १४८.७५ सेंमी होतं. दोन्ही एकमेकांना खोडतात. त्यामुळे कोरडं भागिले ओलं, हाच तुमचा गुणक.

निळीखाडी

खाऱ्या पाण्याचे टँकवाले हे वाचत असतील त्यांच्यासाठी: लक्सला गुणून कॅलिब्रेट करायची युक्ती निळ्या दिव्याखाली वापरू नका. पांढऱ्या एलईडीत १ मायक्रोमोलला साधारण ६९ लक्स पडतात. ४५० नॅनोमीटरच्या शुद्ध निळ्यात तेवढ्याच फोटॉनना फक्त ७ लक्स येतात, ६६० च्या लालमध्ये साडेसात. म्हणजे रीफच्या, म्हणजे कोरलच्या टँकच्या, निळ्या दिव्याखाली लक्समीटर ७०० दाखवत असेल तेव्हा कोरलवर १०० मायक्रोमोल पडत असतात आणि पांढऱ्याचा गुणक लावणाऱ्याला दहाच दिसतात. उजेड कमी म्हणून दिवा वाढवला की कोरल पांढरं पडतं.

फोटोडायोड इथे लक्समीटरपेक्षा खूपच बरा, पण साधा सिलिकॉन निळ्यात कमी कार्यक्षम असल्याने पांढऱ्यावर काढलेला गुणक निळ्यात कमी आकडा देईल. खाऱ्या टँकला खऱ्या पारमीटरशी एकदा, त्याच दिव्याखाली, जुळवून घेण्याला पर्याय नाही. लाल-हिरवे-निळे वेगळे एलईडी असलेल्या गोड्या पाण्याच्या दिव्यांनाही हेच लागू. रंगांच्या चॅनेलचं प्रमाण बदललं की गुणक हलतो.

तळ्याकाठी

सगळ्यांचे आभार. डायोड चाचणीत पास: फोनच्या पडद्यावर लाल २.६, हिरवा २.९, निळा १.७ मिलिव्होल्ट. डोकं तयार केलं, ६० अंशांना ९.६ येतात. अंधारात पाण्याखाली ०.०.

पट्टीखाली पाच जोड्या घेतल्या. ३५०० लक्सला ९.२ मिलिव्होल्ट, १७६० ला ४.६, ७००० ला १८.३. रेष सरळ आहे. म्हणजे १ मिलिव्होल्टला ५.५ मायक्रोमोल.

खात्रीसाठी पुण्यात गच्चीवर आज, डिसेंबरच्या उन्हात, दुपारी साडेबाराला डोकं आडवं ठेवून वाचलं. १ किलोओहमवरच ३८३ मिलिव्होल्ट आले. भर उन्हात २००० मायक्रोमोल असतात असं सगळीकडे वाचलं आहे. २००० भागिले ३८३ म्हणजे ५.२. दोन वेगळ्या पद्धतींत पाच टक्क्यांचाच फरक, तेव्हा कॅलिब्रेशन पक्कं धरायचं ना?

जुनासोल्डर

५.५ पक्का धरा, पण उन्हाच्या वाचनामुळे नव्हे. उन्हातलं ५.२ हे तीन चुका एकमेकींना खोडून आलेलं आहे.

पहिली, २००० हा आकडा सूर्य डोक्यावर असतानाचा आहे. मुंबई-पुण्यात तो मेच्या मध्याला, शून्य सावलीच्या दिवसांत, डोक्यावर येतो. डिसेंबरात पुण्याला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशच वर असतो, त्यामुळे आडव्या सेन्सरवर साधारण १४०० मायक्रोमोल पडतात.

दुसरी, ३८३ मिलिव्होल्ट म्हणजे डायोड पूर्ण दबलेला आहे. १०० ची मर्यादा याचसाठी सांगितली होती.

तिसरी, सूर्यप्रकाशात ७०० ते ११०० नॅनोमीटरमध्ये दिसणाऱ्या पट्ट्याहून जास्त फोटॉन असतात. तुमच्या डायोडपुढे इन्फ्रारेड फिल्टर नाही, तो ते सगळे मोजतो.

पडताळून पाहायला १०० ओहम लावून उद्या त्याच वेळी पुन्हा वाचा. ६० ते ७० मिलिव्होल्ट यायला हवेत.

तळ्याकाठी

१०० ओहमवर ६५.२ मिलिव्होल्ट. म्हणजे ६५२ मायक्रोॲम्पिअर, ५.५ ने गुणलं तर ३५८६ मायक्रोमोल.

जुनासोल्डर

एवढा पार जमिनीवरच्या उघड्या उन्हात कुठेच नसतो. खरे १४०० धरले तर वरचे दोन हजारांहून जास्त इन्फ्रारेडचे. तुमच्या वापराला यामुळे बाधा येत नाही, फक्त टँकवर खिडकीतून ऊन पडत असताना मोजू नका. पडदा ओढा किंवा रात्री मोजा.

उन्हातही मोजायचं असेल तर जुन्या वेबकॅमच्या लेन्समागे एक छोटी काच असते, तिरकी धरली की गुलाबी-हिरवट चमकते. तो इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर. डायोड आणि चकतीच्या मधल्या फटीत बसतो. मात्र त्याचा कोटिंगवाला प्रकार तिरक्या उजेडाला आपली सीमा लालच्या आत सरकवतो, म्हणून तो चकतीला चिकटवण्याऐवजी डायोडला चिकटवा आणि मधली नळी आतून काळी करा. फिल्टर घातला की कॅलिब्रेशन नव्याने करायचं.

खटपट करायची नसेल तर जुन्या कॅल्क्युलेटरमधली तपकिरी सोलर पट्टीही पाहण्यासारखी आहे. ती अमॉर्फस सिलिकॉनची असते. त्याचा बँडगॅप, म्हणजे फोटॉन शोषायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे १.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे साधारण ७३० नॅनोमीटरच्या पुढे ती जवळपास आंधळी. फिल्टर आपोआपच मिळतो. आकार मोठा आणि कडा सील करायला अवघड, एवढीच अडचण.

ओहोळ

टँकमध्ये मोजताना तळाचे नऊ बिंदू घ्या, तीन रांगांत तीन. मोजताना हात आणि बाही पाण्याबाहेर. डोकं काठीला बांधून सोडा. काठी काळी, पांढरा पाइप नको. टँकचा पाण्याचा फिल्टर बंद करून पाणी स्थिर होऊ द्या, नाहीतर लाटांनी आकडा हलतो. पट्टी चालू करून पंधरा मिनिटं झाल्यावरच मोजा, एलईडी गरम होताना थोडा उतरतो.

आणि बादलीतला गुणक लावायला विसरू नका.

तळ्याकाठी

बादलीत कोरडं २१.०, ओलं १७.६. गुणक १.१९. म्हणजे पाण्यात १ मिलिव्होल्टला ६.५ मायक्रोमोल.

तळाचा मध्य ६.१ मिलिव्होल्ट, म्हणजे ४०. चारही कोपरे ३.२ ते ३.६ च्या मध्ये, म्हणजे २१ ते २४. रोटालाच्या झुपक्यात, तळापासून चार सेंमीवर, १.६, म्हणजे १०. पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन सेंमीवर, समोरच्या काचेलगत, २४.०, म्हणजे १५७.

ओहोळ

म्हणजे दोन्ही लक्षणं खरी होती. मोकळ्या तळाला ४० मायक्रोमोल क्रिप्टोकोरीनला उत्तम. रोटालाची खालची पानं १० वर आहेत, आणि ती सावली रोटालाची स्वतःचीच आहे. पट्टी वाढवून ती जाणार नाही. शेंडे आणखी दाट होतील आणि खाली आणखी अंधार. झुपका अर्ध्यावर कापा, शेंडे दोन-दोन सेंमी अंतर सोडून लावा, मग त्याच जागी पुन्हा मोजा. २५ च्या वर आलं पाहिजे.

काचेवरचे हिरवे ठिपके वरच्या पट्ट्यात येतात कारण तिथे तळाच्या चौपट उजेड आहे. पट्टी ८ सेंमी वर उचलली तर पृष्ठभागाजवळचा आकडा बराच उतरतो आणि तळाचा थोडाच, कारण खालच्या वाटेवर बाजूच्या काचा उजेड आत परतवतात. फॉस्फेटही तपासा, ते अगदी कमी असलं की हे ठिपके जास्त येतात.

पट्टी हलवण्याआधी मात्र एक वाचन झाकणाची काच काढून घ्या. स्वच्छ काचेच्या दोन पृष्ठभागांवर मिळून सुमारे आठ टक्के जातात. त्याहून जास्त जात असेल तर तो क्षार आहे. बोअरचं पाणी असेल तर काचेच्या खालच्या बाजूला पांढरा थर बसतोच, ओला असताना दिसत नाही.

तळ्याकाठी

काच काढल्यावर मध्य ७.४. काच ठेवल्यावर ६.१. म्हणजे साडेसतरा टक्के जात होते.

काच उतरवून खालच्या बाजूला व्हिनेगरचा कपडा अर्धा तास ठेवला, जुन्या टूथब्रशने घासली, धुऊन वाळवली आणि परत बसवली. आता ६.८.

जुनासोल्डर

७.४ चे आठ टक्के गेले की ६.८. काच स्वच्छ झाली. तळाला ४४ मायक्रोमोल पोचतात. पट्टी आता उचला आणि उचलल्यावर नऊ बिंदू पुन्हा लिहा. दर महिन्याला काच धुण्याआधी मध्याचं एक वाचन घेत गेलात तर पुढच्या वेळी क्षार किती दिवसांत बसतो तेही कळेल.